गोधडीच्या पोटात काय घालावे?



यंदा कार्यानुभवाच्या तासाला लहान गोधड्या शिवायच्या ठरल्या. "घरातल्या जुन्या साड्या, धोतरे, चादरी, जे काही मऊ कापड असेल ते घेऊन या," असे मी मुलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग लागला. ढीग मोठा होता, रंगही सुरेख होते; पण निवडायला बसले तेव्हा निम्म्याहून अधिक साड्या पॉलिस्टरच्या निघाल्या. दोन मुलींनी त्यातल्याच साड्यांचे थर लावून टाके घालायला सुरुवात केली. थर एकमेकांवरून घसरू लागले, कापड चुण्या घेऊ लागले. त्यातली एक म्हणाली, "बाई, आमच्या आजीची वाकळ अशी घसरत नाही. मी तर आजीसारखेच करते आहे!"

ती खरोखर आजीसारखेच करत होती. फरक होता तो आतल्या कापडात. आजीची रीत सुती लुगड्यांसाठी तयार झाली होती. आता घराघरातून सुती लुगडी कमी झाली, आणि रीत मात्र तीच राहिली. म्हणून आज गोधडी शिवायची तर आत काय घालायचे हे समजून घेऊन ठरवावे लागते. वरची नक्षी चुकली तरी पांघरूण वापरता येते. आतले भरण चुकले तर महिनाभराची मेहनत पहिल्या धुण्यात वाया जाते. म्हणून हा लेख.

नावे अनेक, रचना एक

आपल्या भागात या पांघरुणाला वाकळ म्हणतात, गोधडीही म्हणतात. शेजारचे कन्नड बोलणारे लोक कौदी म्हणतात. कापूस भरलेली असेल तर ती दुलई किंवा रजई, फार जाड असेल तर लेप. बाळासाठी केलेले मऊ, पातळ कापड म्हणजे दुपटे. नावे वेगळी असली तरी रचना एकच असते. वर एक कापड, खाली एक कापड, मध्ये भरण, आणि हे तिन्ही एकत्र धरून ठेवणारे टाके.

मधल्या भरणाला इंग्रजीत बॅटिंग म्हणतात. मुलांना हा शब्द क्रिकेटमुळे ओळखीचा आहे, आणि दोन्हींचे मूळ झोडपण्यातच आहे. पूर्वी तिकडे कापूस काठ्यांनी झोडपून मोकळा करत, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे हेच काम पिंजारी पिंजणाने करत असे.

जुन्या कापडाचे थर टाचून पांघरूण करण्याची रीत केवळ आपली नाही. बंगालमधली कांथा जुन्या साड्यांचीच असते. आपल्या जवळ खानापूर, हल्याळ, यल्लापूर या भागातल्या सिद्दी समाजातील स्त्रिया कवंद नावाची गोधडी शिवतात. तिचे टाके कडेपासून सुरू होऊन फिरत फिरत मध्यापर्यंत जातात, आणि चारही कोपऱ्यांवर कापडाची लहान 'फुले' लावली नाहीत तर ती पुरी झाली असे मानत नाहीत. आज या गोधड्या देशाबाहेरच्या प्रदर्शनांतही मांडल्या जातात. पोटात मात्र आपल्या वाकळेसारखे जुने कापडच असते.

ऊब कशाची?

गोधडी स्वतः गरम नसते. ऊब आपल्याच शरीराची असते. ती बाहेर जाऊ न देणे एवढेच गोधडीचे काम, आणि ते काम प्रत्यक्षात करते ती आत अडकलेली हवा. स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. कापूस, लोकर, पॉलिस्टर या सर्वांचे काम त्या हवेला लहान लहान पोकळ्यांत धरून ठेवण्याचे आहे. म्हणूनच दबून चपटी झालेली जुनी दुलई वजनाला तेवढीच असूनही थंडी थांबवत नाही. कापूस तेवढाच असतो, हवा निघून गेलेली असते.

हे घरी करून पाहता येते. सारख्या आकाराच्या तीन बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरा. एकीला काही गुंडाळू नका. दुसरीला मोकळ्या कापसाचा जाड थर गुंडाळा. तिसरीला तेवढाच कापूस गुंडाळून वरून दोरीने घट्ट आवळा. दर दहा मिनिटांनी तापमापकाने तापमान पाहून वहीत लिहा. उघडी बाटली सर्वांत आधी निवेल. आवळलेली आणि मोकळी यांच्यात किती फरक पडतो ते स्वतः मोजा आणि विज्ञानाच्या बाईंना दाखवा.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. झोपेत अंगातून घाम आणि वाफ बाहेर पडत असते. ती शोषली गेली नाही तर ऊब असूनही चिकट वाटते. नेहमीच्या दमट हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम पाणी धरतो, लोकर सुमारे १६ ग्रॅम धरते, आणि पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. कापसाच्या पांघरुणात 'बरे वाटते' असे आपण म्हणतो त्याचे मोठे कारण हेच. मात्र याच गुणामुळे कापूस पावसाळ्यात दमट होतो आणि धुतल्यावर लवकर वाळत नाही. बेळगावसारख्या सुमारे अडीच हजार फूट उंचीवरच्या, लांब पावसाळ्याच्या गावी हे दोन्ही ध्यानात ठेवावे लागते.

पहिले भरण : जुने कापड

वाकळेला जुने कापडच का? एक तर ते घरातच असते. दुसरे, अनेकदा धुतल्यामुळे ते जेवढे आटायचे तेवढे आटून गेलेले असते. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. वरचे कापड जुने आणि आतले नवे असेल तर धुतल्यावर गोधडी आखडून वाकडी होते. तिसरे, जुन्या सुताचा पृष्ठभाग किंचित खरखरीत आणि मऊ झालेला असतो. त्यामुळे एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो, सरकत नाही.

आजीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, म्हणजे साधारण ८.२ मीटर. त्याच्या चार घड्या केल्या की लांबी सुमारे २ मीटर होते. लुगड्याचा पन्हा सव्वा वारापेक्षा थोडा जास्त, म्हणजे जवळजवळ १.२ मीटर. एका माणसाच्या पांघरुणाचे हे नेमके माप झाले! एका लुगड्यात कुठेही न कापता चार थर. दोन लुगड्यांचे आठ थर, वर एक आणि खाली एक कापड, झाली वाकळ. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरची असते. तिच्या तीन घड्या केल्या तर १.८ मीटर लांबीचे तीन थर मिळतात. तेवढ्याच जाडीसाठी साड्या जास्त लागतात, आणि उंच माणसाचे पाय बाहेर राहतात.

आता आपल्या वडगावची गोष्ट. वडगाव, खासबाग, शहापूर हा विणकरांचा भाग. ताणा, बाणा, कांडी हे शब्द इथल्या मुलांना शिकवावे लागत नाहीत. पण हातमाग जाऊन यंत्रमाग आले, आणि सुताबरोबर कृत्रिम रेशीम आणि पॉलिस्टरचा धागा मागावर चढला. घराघरातल्या कपाटातही तेच झाले. पॉलिस्टरची साडी टिकाऊ असते, लवकर वाळते, इस्त्री मागत नाही. नेसायला सोयीची आहे यात वाद नाही. पण वाकळेच्या पोटात ती घातली की थर घसरतात, घाम शोषला जात नाही, आणि सुईला कापड दाद देत नाही. आमच्या वर्गातल्या त्या मुलीची अडचण हीच होती.

म्हणून कापड निवडताना आधी ते कशाचे आहे हे ओळखावे. सोपी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. धुतलेल्या सुती कापडावर थेंब लगेच पसरतो, पॉलिस्टरवर बराच वेळ तसाच राहतो. अगदी नक्की कळण्यासाठी कापडातले दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहतात. हे काम मोठ्या माणसाने, पाण्याचे भांडे जवळ ठेवून करावे. मुलांनी एकट्याने करू नये. सूत जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राखाडी राख राहते. पॉलिस्टर वितळून आकसते आणि टोकाला कडक मणी होतो. लोकर किंवा खरे रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो.

आणखी एक काळजी खळीची. मागावरून आलेल्या नव्या कापडाला खळ असते, घरातल्या धोतराला किंवा साडीला स्टार्च केलेले असते. ते तसेच आत गेले तर त्याला कसर लागते, झुरळेही येतात. भरणात घालायचे प्रत्येक कापड गरम पाण्यात भिजवून, खळ पूर्ण काढून, कडक उन्हात वाळवून मगच वापरावे. गुंड्या, हूक, जरीचे काठ, जाड शिवणी कापून टाकाव्यात. आत राहिलेली जर पुढे टोचते आणि वरचे कापड कापते.

मागाखाली उरलेले धागे पुष्कळ असतात, ते भरावेत का, असे एका पालकांनी विचारले. उशीत किंवा कापडी बाहुलीत चालतील. गोधडीत नकोत. त्यांचा गुंता होऊन गाठी होतात आणि त्या पाठीला लागतात.

दुसरे भरण : पिंजलेला कापूस

पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन गल्लीत आला की त्याच्या तातीचा 'टँव टँव' आवाज लांबून ऐकू येई. अंगणात चादर अंथरून, धनुष्यासारख्या पिंजणाची तात कापसात धरून तो लाकडी मुठीने ठोके देई. तातीच्या कंपनाने कापसाचे तंतू सुटे होत, कचरा खाली पडे, आणि दबलेला कापूस पाहता पाहता फुगून दुप्पट-तिप्पट दिसू लागे. उत्तर कर्नाटकात हे काम करणाऱ्या समाजाला नदाफ किंवा पिंजार म्हणतात. आज हे काम बहुतेक ठिकाणी गादीच्या दुकानातल्या यंत्रावर होते. यंत्राचे आणि पिंजणाचे तत्त्व एकच आहे, तंतू सुटे करायचे आणि त्यांच्यात हवा भरायची.

सगळा कापूस भरणाला सारखा नसतो. लांब आणि बारीक तंतूचा कापूस सुतासाठी चांगला. धारवाडला तयार झालेल्या वरलक्ष्मी (१९७२) आणि डीसीएच-३२ (१९८१) या संकरित जातींचे नाव झाले ते त्यांच्या लांब धाग्यामुळे. भरणाला मात्र आखूड, जाडसर तंतूचा देशी कापूस बरा. तो लवकर दबत नाही, दाबून सोडला की पुन्हा फुलतो. दुकानात कापूस घेताना मुठीत घट्ट दाबून सोडून पाहावा. गोळा तसाच राहिला तर तो जुना किंवा पुन्हा पुन्हा पिंजून तंतू तुटलेला असतो. हातात काळपट धूळ उरली तर त्यात गिरणीतला कचरा मिसळला आहे असे समजावे.

मोकळ्या कापसाचा सर्वांत मोठा दोष म्हणजे तो सरकतो. हा धडा मी नुकसान सोसून शिकले. बहिणीच्या बाळंतपणाच्या वेळी मी हौसेने एक दुलई शिवली. वर फुलाफुलांचे कापड, आत पाऊण किलो कापूस. नक्षी झाकली जाऊ नये म्हणून टाके वीतभर अंतरावर घातले. सर्वांनी कौतुक केले. पहिल्या धुण्यानंतर दोरीवर घातली तेव्हा सगळा कापूस ओला होऊन खालच्या कडेला गोळा झाला होता, आणि वर नुसते दोन कापडांचे पदर लोंबत होते. वाळल्यावर गोळे दगडासारखे झाले. शेवटी दुलई उसवली. कापूस पुन्हा पिंजून घेता आला एवढेच समाधान.

तेव्हापासूनचा माझा नियम असा की मोकळा कापूस भरला असेल तर टाक्यांच्या ओळींत दोन ते तीन बोटांपेक्षा जास्त अंतर नको, आणि अशी दुलई पाण्यात बुडवून धुवायची नाही. तिला वेगळी सुती खोळ शिवावी आणि खोळच धुवावी. दुलईला फक्त ऊन दाखवावे. तीन-चार वर्षांनी कापूस दबला की उसवून पुन्हा पिंजून भरावा. कापसाचा हा गुण दुसऱ्या भरणात नाही. तो पुन्हा नवा होतो.

किती कापूस घालावा? एका माणसाच्या, २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद दुलईला आपल्याकडच्या थंडीसाठी दीड किलो कापूस पुरेसा होतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बेळगावात पारा १४ अंशांच्या आसपास येतो. उत्तरेकडच्या थंडीसारखा चार-पाच किलोंचा लेप इथे अंगावर ओझे होतो. जयपूरची रजई तर पाव किलो कापसाची असली तरी ऊब देते म्हणून प्रसिद्ध आहे. तिचे रहस्य फार बारीक पिंजलेला कापूस आणि जवळजवळचे टाके हेच आहे.

तिसरे भरण : पॉलिस्टरची शीट

पॉलिस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या रसायनतज्ज्ञांनी शोधून काढला. आज त्याच्याच बारीक, कुरळ्या तंतूंची पांढरी, फुगीर शीट मीटरवर मिळते. दुकानात तिला फायबर शीट म्हणतात, आणि सुटे तंतू 'रेक्रॉन' या व्यापारी नावानेच मागितले जातात.

शीट घेताना 'जीएसएम' किती हे विचारावे. एक चौरस मीटर शीटचे वजन किती ग्रॅम, तो हा आकडा. १०० जीएसएमची शीट बाळाच्या दुपट्याला किंवा पिशवीला, २०० ची हलक्या पांघरुणाला, ३०० च्या पुढची जाड रजईला. आता गणित करू. वरच्याच मापाची दुलई, २ गुणिले दीड म्हणजे ३ चौरस मीटर. २०० जीएसएमची शीट घातली तर भरणाचे वजन ६०० ग्रॅम. दीड किलो कापसाच्या निम्म्याहून कमी!

तिचे गुण स्पष्ट आहेत. हलकी असते, पाण्यात बुडवून धुता येते, पावसाळ्यातही एका दिवसात वाळते, कसर लागत नाही. तंतू एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे टाके चार-पाच इंच अंतरावर घातले तरी चालतात. ज्यांना कापसाच्या धुळीचा त्रास होतो त्यांनाही ती सोयीची. आजारी माणसाच्या अंथरुणावर वरचेवर धुवावे लागणारे पांघरूण हवे असेल तर मी शीटच सुचवीन.

दोषही तेवढेच स्पष्ट आहेत. घाम शोषत नाही. काही वर्षांनी चपटी होते आणि ती पुन्हा पिंजता येत नाही, टाकूनच द्यावी लागते, आणि टाकली तरी मातीत कुजत नाही. वरचे कापड विरळ विणीचे असेल तर तिचे तंतू सुईच्या भोकांतून आणि विणीतून बाहेर येतात. गडद रंगावर ते पांढरे लव आल्यासारखे दिसतात. म्हणून शीटवर घट्ट विणीचे कापडच लावावे आणि सुई बारीक वापरावी. गरम इस्त्री तिच्यावर फिरवू नये. पॉलिस्टर साधारण २५५ ते २६० अंशांना वितळते, पण त्याआधीच मऊ होऊन बसते आणि गोधडीचा फुगीरपणा जातो.

लोकर आणि सावर

घोंगडे आपल्याला नवे नाही. धनगर आणि कुरुबर यांनी दख्खनी मेंढीच्या लोकरीचे विणलेले घोंगडे चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेले असते. ते ओले झाले तरी ऊब देते. जुने, विरलेले घोंगडे धुऊन वाकळेच्या मधल्या थरात घातले तर दोन लुगड्यांचे काम एकटे करते. मात्र त्याला कसर लवकर लागते. वर्षातून एकदा तरी ऊन आणि कपाटात कडुलिंबाचा पाला हवाच. लोकर गरम पाण्यात धुऊ नये, ती आटून घट्ट होते.

सावरीच्या बोंडातला कापूस रेशमासारखा गुळगुळीत असतो. त्याचा धागा निघत नाही, आणि तो पाणीही धरत नाही. उशीला उत्तम, गोधडीला नको. त्याचे तंतू ठिसूळ असल्यामुळे सारख्या घड्या घालून भुगा होतो.

कोणत्या कामाला काय?

बाळाचे दुपटे : दोन-तीन पदरी जुने, मऊ सूत. दुसरे काही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना जाड, फुगीर दुलई किंवा उशी जवळ ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ती तोंडावर आली तर बाळाला बाजूला सारता येत नाही. आपल्या आज्या दुपटे पातळच करत, ते योग्यच होते.

गरम भांडे उतरवायच्या पकडी आणि भांड्याखालचे चौकोन : फक्त सूत किंवा लोकर, सहा ते आठ थर. इथे पॉलिस्टर कधीही वापरू नये, वरचे कापडसुद्धा पॉलिस्टरचे नको. तापलेल्या तव्याने ते वितळून हाताला चिकटते आणि भाजलेली जागा फार खोल होते.

पिशवी, पुस्तकाचे वेष्टण : १०० जीएसएमची शीट किंवा जाड चादरीचा एक थर. इथे घामाचा प्रश्न नाही, आकार टिकणे महत्त्वाचे.

रोजचे पांघरूण : सुती लुगडी मिळाली तर वाकळ. न मिळाल्यास वर आणि खाली सुती कापड आणि मध्ये २०० जीएसएमची शीट. अंगाला लागते ते सुती राहते.

सर्वच साड्या पॉलिस्टरच्या असतील तर : त्या वरच्या बाजूला लावाव्यात, रंग छान दिसतात. आत जुन्या सुती चादरी, पंचे, धोतरे घालावीत. आमच्या वर्गात आम्ही शेवटी हेच केले.

शिवताना

खालचे कापड उलटे अंथरून कडेला वजने ठेवून ताणावे. भरण चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठे कापावे, कारण टाके घालताना ते आत ओढले जाते. वर सुलट कापड ठेवून मध्यापासून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात. मग मोठे कच्चे टाके, मध्यापासून बाहेर, वीतभर अंतरावर. हे टाके कंटाळवाणे वाटतात आणि मुले ते वगळायला पाहतात. पण ते वगळले तर थर सरकणारच.

त्यानंतर धावदोरा. दोऱ्याला मेण लावले की तो गुंतत नाही. टाका सर्व थरांतून खाली जातो की नाही हे अधूनमधून उलटून पाहावे. वर सुंदर आणि खाली टाकाच नाही, अशी गोधडी दोन महिने टिकते. जुन्या कापडाच्या वाकळेत ओळींतले अंतर एक ते दीड बोट, मोकळ्या कापसात दोन-तीन बोटे, शीटमध्ये चार-पाच इंच. मशीनवर शिवायचे असेल तर दाबपट्टीचा दाब कमी करावा आणि टाका लांब ठेवावा.

धुणे आणि ऊन

आपल्याकडे घटस्थापनेपूर्वी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुण्याची रीत आहे. पावसाळ्याची ओल बसलेली असते, आणि आश्विनात ऊन कडक पडते. त्या रीतीमागे एवढे साधे शहाणपण आहे. वाकळ भिजली की एकटीने उचलत नाही, दोघींनी दोन टोके धरून पिळावी लागते. दोरीवर एका कडेने लटकवू नये, ओल्या वजनाने टाके तुटतात. आडवी, दोन दोऱ्यांवर पसरून वाळवावी आणि मध्ये एकदा उलटावी. वरून कोरडी लागली तरी आतला थर ओला असतो. गालाला लावून पाहावी. गार लागली तर आणखी एक दिवस ऊन द्यावे. ओलसर वाकळ घडी करून ठेवली तर बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते पुढे जात नाहीत.

पालकांना आणि विश्वस्तांना विनंती

ज्या मुलीने पहिल्या दिवशी प्रश्न विचारला तिने आजीला घरी जाऊन विचारले. आजीने आपल्या वाकळेची एक कड उसवून तिला आतले थर दाखवले. सर्वांत आत तिच्या सासूचे लुगडे होते. वर्गात ती हे सांगत होती तेव्हा मुलगेही शांत बसून ऐकत होते. त्या आठवड्यात आणखी सात मुलांनी घरच्या वाकळा पाहून आतल्या कापडाची नोंद वहीत केली.

अशी सुती कापडे आता घरात फार उरलेली नाहीत, आणि आहेत ती पायपुसण्यात किंवा भांडी-विक्रेत्याकडे जातात. म्हणून विनंती आहे की जुनी सुती लुगडी, धोतरे, चादरी धुऊन, वाळवून शाळेत पाठवावीत. त्यासाठी कार्यानुभवाच्या खोलीत एक कोरडे, झाकणाचे कपाट मिळाल्यास विश्वस्त मंडळाचे आम्ही आभारी राहू. शीट विकत घेणे सोपे आहे, आणि जिथे योग्य तिथे आम्ही ती घेऊच. पण आजी अजून घरात आहे, तिचे हात अजून चालतात, तोवर मुलांनी तिच्या शेजारी बसून एक तरी वाकळ पुरी करावी, अशी इच्छा आहे. ज्या आजींना शनिवारी सकाळच्या शाळेत येऊन मुलांना टाके दाखवता येतील त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. बसायला चटई आणि सुईत दोरा ओवायला मुले तयार आहेत.